सरदाराची विहीर

आमच्या वर्गात इतिहासाचं एकच उत्तर होतं आणि ते सगळ्यांना पाठ होतं. राजा कुठलाही असो, मौर्य असो, गुप्त असो, मोगल असो, नाहीतर मधल्या काळातला एखादा दोन वर्षं टिकलेला सुलतान असो, त्याने रस्ते बांधले, रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावली, धर्मशाळा उभारल्या आणि विहिरी खोदल्या. एवढं लिहिलं की निम्मे गुण कुठे जात नाहीत, हे शहाणपण वरच्या वर्गातली मुलं जुन्या पुस्तकांसोबत खालच्या वर्गाला देऊन टाकत. मला पुस्तकही तसंच मिळालं होतं आणि शहाणपणही. पुस्तकाची मधली वीसेक पानं गायब होती, पण ज्याला उत्तर माहीत आहे त्याला पानांची काय गरज.

नववीच्या सहामाहीत प्रश्न आला, प्लासीच्या लढाईचे परिणाम लिहा. मी बेधडक लिहिलं, की या लढाईमुळे देशात चांगले रस्ते झाले व त्यांच्या दुतर्फा झाडे लावण्यात आली.

सरांनी तो पेपर वर्गात मोठ्याने वाचला. सर नवीन होते, पश्चिमेकडून आलेले, स्वच्छ 'मला-तुला' बोलणारे. रागवायची त्यांची पद्धत वाईट होती. ते ओरडत नसत, मारत नसत, नुसते प्रश्न विचारत.

"झाडं कोणती लावली?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. गप्प बसावं हे मला आजही जमत नाही, तेव्हा तर वय चौदा.

"कडुनिंबाची, सर."

वर्ग बाकं बडवून हसला. मला पन्नासात अकरा गुण मिळाले. त्या अकरांतले चार बहुधा कडुनिंबाचे असावेत.

हसण्यावारी न्यायची गोष्ट खरं तर नव्हती. बाबा हंगामात दिग्रसच्या जिनिंगात कामाला जात आणि मी त्यांच्या मागोमाग दोन कोस चालत तिथल्या शाळेत. आमच्या वस्तीतून हायस्कुलात जाणारी मी पहिली मुलगी. माझ्या मामाने नेरकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं आणि दर महिन्याला तो त्या मुलाची नवी नवी लक्षणं सांगायला येई. एकदा तर त्याच्याकडे सायकल आहे असं सांगून गेला. बाबांनी त्याला सरळ सांगितलं होतं, "पोट्टी पास होऊन राह्यली तोवर शिकन. ज्या दिवशी नापास होईन त्या दिवशी तुहं पोरगं पाहू." तेव्हा एका विषयात नापास म्हणजे वर्गात नापास. बाकी विषयांत मी बरी होते. माझ्या आणि त्या सायकलवाल्याच्या मध्ये इतिहास तेवढा उभा होता, आणि तो फितूर झाला होता.

दोष सगळा माझा नव्हता, असं माझं अजून मत आहे. मी पाचवीत गेले तेव्हा आमचं गाव मध्य प्रदेशात होतं. पाचवीतच ते मुंबई राज्यात गेलं आणि नववीत पोचेपर्यंत महाराष्ट्रात आलं. गाव जागचं हललं नाही, बस थांबायची ते झाडही तेच, पण पुस्तकं मात्र दर खेपेला बदलली. एकात जो राजा नऊ पानं राज्य करत होता त्याला दुसऱ्यात दीड पान मिळालं. अशात मुलीने कुणाला जीव लावावा?

सरांनी मात्र आमच्या उत्तराचा कंटाळा येऊन एक नवीन टूम काढली. ते म्हणाले, वार्षिक परीक्षेच्या गुणांत वीस गुण वेगळे ठेवले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावाचा इतिहास लिहून आणायचा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, जुन्या वास्तू पाहायच्या, पुरावा द्यायचा. इतिहास म्हणजे पुरावा, असं ते दिवसातून चारदा म्हणत. जो खोटं लिहील त्याला वीसपैकी शून्य. आणि यापुढे रस्त्यावर कुणी झाडं लावली तर गुण कापीन, असंही माझ्याकडे पाहून म्हणाले.

मी हिशोब मांडला. वीसपैकी बारा-पंधरा पदरात पडले तर वाचले. शून्य मिळालं तर सायकल.

घरी आले आणि आबांना, म्हणजे बाबांच्या वडिलांना, विचारलं. आबा अंगणात दोर वळत बसले होते.

"आबा, आपल्या गावचा इतिहास काय?"

"आपल्या गावात काय होते? काहीच झालं नाही." त्यांनी दोराला पीळ दिला. "मी विहीर खोदली. तेवढंच."

आता ही विहीर. गावात पाटलाच्या वाड्यासमोर मोठी बांधीव विहीर होती आणि तिच्यावर आमच्या वस्तीने जायचं नव्हतं. आम्ही बौद्ध झालो, घरातले देव नदीत सोडले, आबांनी गावकीची कामं बंद केली, तरी विहिरीचं काही बदललं नाही. कायद्याने ती सगळ्यांना खुली होती, पण कायदा यवतमाळपर्यंत आला होता, आमच्याकडे यायचा होता. तर फार पूर्वी, बाबांच्या जन्माच्या सुमारास, आबांनी वस्तीतली चार माणसं धरली आणि आमच्या बाजूला स्वतःची विहीर खोदली. डाव्या हाताची करंगळी त्यात गेली. ही कथा आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बांगड्यावाली असो, पोस्टमन असो, दीक्षेचे पाहुणे असोत, त्यांना आधी पाणी मिळायचं आणि मग पाण्यासोबत विहीर. पाहुणे उठू लागले की आबा त्यांना धोतराला धरून बसवत आणि काळ्या दगडाचा भाग सांगत. मी तो इतक्यांदा ऐकला होता की मला त्याचा वीट आला होता.

तेव्हा आबांचं उत्तर मी मोडीत काढलं. इतिहासात विहिरी राजे खोदतात. लंगोटी लावलेला म्हातारा खोदत नाही. तसं कुठल्याच पुस्तकात नव्हतं, फाटलेल्या वीस पानांतही नसणार. पण विहीर पुरावा म्हणून उत्तम होती. डोळ्यांनी दिसत होती. फक्त तिला एक बरा मालक हवा होता.

मी असा निबंध लिहिला: "आमच्या गावास प्राचीन इतिहास आहे. पूर्वी एक पराक्रमी सरदार मोठी फौज घेऊन दक्षिणेकडे जात असता त्याचा मुक्काम गावाच्या पूर्वेस पडला. पाण्यावाचून फौजेचे अतोनात हाल झाले. ते पाहून सरदाराने एका रात्रीत विहीर खोदली व तिच्या दुतर्फा झाडे लावली. सदर सरदाराचे नाव इतिहासास ज्ञात नाही." विहिरीला दोन बाजू नसतात हे माझ्या लक्षात आलं नाही. हाताला सवय होती, हात लिहून गेला. शेवटच्या वाक्यावर मात्र मी फार खूश होते, ते मी पुस्तकातल्या एका धड्यातून जसंच्या तसं उचललं होतं.

एक अडचण होती. आमच्याच गावच्या पाटलाचा मुलगा माझ्या वर्गात होता. विहीर कुणाची ते त्याला पक्कं ठाऊक. निबंध द्यायच्या दिवशी त्याने माझी वही ओढून वाचली आणि गालात हसला. मग मी त्याची वाचली. त्याने लिहिलं होतं, की पेंढारी गावावर चालून आले तेव्हा त्याच्या खापरपणजाने एकट्याने वेशीत उभं राहून चाळीस जणांना पिटाळलं. आता, तो खापरपणजा पेंढारी आले तेव्हा धान्याच्या पेवात जाऊन बसला होता आणि दोन दिवसांनी त्याला दोर लावून वर काढावं लागलं, हे आमच्या गावातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं.

"तू सरदाराबद्दल बोलू नको," मी म्हटलं. "मी पेवाबद्दल बोलत नाही."

"बरं," तो म्हणाला.

इतका साधा तह मी इतिहासाच्या पुस्तकात दुसरा वाचला नाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या वह्या मेजावर ठेवल्या.

आठ दिवसांनी सरांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला. हसायला नाही, कौतुकाने. शाळेच्या हस्तलिखितात घेणार म्हणाले. मी मान खाली घालून हवं तेवढं लाजून घेतलं. मग सर म्हणाले, "विहीर अजून आहे ना?"

"आहे, सर."

"मग येत्या शनिवारी सगळा वर्ग ती पाहायला जाणार. गावातलं कुणी जाणतं माणूस असेल तर त्याच्याकडूनही ऐकू."

पाटलाचा मुलगा खाली वाकून बुटाची दोरी बांधू लागला. त्याच्या पायात बूट नव्हते.

गावातलं जाणतं माणूस म्हणजे आमच्या वस्तीत आबाच. आणि शनिवारी ते विहिरीवरच असणार, कारण ते रोजच विहिरीवर असत. शेवटी मला त्यांना सांगावंच लागलं. निबंध वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी दुसऱ्या कुठल्या विहिरीबद्दल बोलते आहे.

"कोन सरदार?" ते म्हणाले.

"इतिहासास ज्ञात नाही, आबा."

"मले ज्ञात आहे. मी खोदली. कोनत्या सरदारानं कोनत्या हातानं खोदली, दाखव मले."

मी सगळं सांगितलं. वीस गुण, शून्य, मामा, सायकल. आबांनी दोर खाली ठेवला आणि उठून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी वाढलेली भाकरी खात नसत, मायनं वाढली तर खात. माय म्हणाली, "तू लिवलं, तूच निस्तर." मला आबांचा राग आला होता. नातीची अख्खी जिनगानी एका बाजूला आणि म्हाताऱ्याला विहिरीचं पडलं आहे, असं मी मनात म्हणत होते. आपण काय केलं याची पुरती लाज वाटायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

शनिवारी अडतीस मुलं, आम्ही तीन मुली आणि सर, असा सगळा वर्ग दिग्रसहून चालत निघाला. माघ संपत आला होता, पण दहा वाजताच ऊन कडक झालं. कापूस वेचून झालेली वावरं दोन्ही बाजूंना. रस्त्यात सरांनी मला विचारलं, "दुतर्फा झाडं कुठे आहेत?" मी म्हटलं, "पुढे आहेत, सर." पुढे एक बाभूळ होती.

विहिरीवर आबा बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. तो फेटा ते फक्त लग्नाला बांधत. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी 'मी खोदली' म्हटलं की खेळ खलास.

"बाबा," सर हात जोडून म्हणाले, "या विहिरीबद्दल तुम्ही काही ऐकलं आहे का?"

"ऐकलं कायले जी. सगळं मालूम आहे मले." आबांनी घसा साफ केला. पोरं भोवती बसली. मी सरांच्या मागे लपले. "हे विहीर," आबा म्हणाले, "सरदारानं खोदली."

मी श्वास सोडला.

"एका रात्रीत?" सरांनी विचारलं.

"हे पोट्टी आहे, तिले काय समजते. चार उन्हाळे लागले सरदाराले. उन्हाळ्यातच खोदे तो. पावसाळ्यात लोकायच्या वावरात निंदाले जाये."

"सरदार?"

"मंग. पोट होतं ना त्याले."

पोरं हसली. पाटलाच्या मुलाला राहवलं नाही. तह मोडून तो म्हणाला, "सरदाराजवळ घोडा नोता काय, आबा?"

"होता. इकला त्यानं, पहारी घ्याले."

"अन् फौज?"

"होती ना. चार गडी अन् चार बाया. तलवारी नोत्या कोनाजवळ, टोपले होते." आता आबांना सूर सापडला. त्यांनी हातवारे करत काळी माती सांगितली, तिच्याखालचा मुरूम सांगितला आणि मग ते काळ्या दगडावर आले. तो भाग मी शंभरदा ऐकला होता, पण तो सरदाराच्या अंगावर बेतलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. चार पुरुष खोलीवर दगड लागला. फौज म्हणाली, सोडून देऊ. सरदार म्हणाला, तुम्ही जा. मग तो एकटाच उतरू लागला आणि त्याची बायको वरून टोपलं ओढू लागली. सातवा महिना होता तिला. ते पोटातलं पोर म्हणजे माझे बाबा. घन चुकला आणि सरदाराचं बोट गेलं, हे सांगताना आबांनी डावा हात फेट्याच्या शेवाखाली नेला.

सरांनी तो हात नेताना पाहिला. त्यांनी वहीत लिहायचं थांबवलं.

"पण बाबा, गावात मोठी विहीर असताना सरदाराने इथे कशाला खोदली?"

पाटलाचा मुलगा जमिनीकडे बघत होता.

"त्या विहिरीवर त्याले पानी भरू देत नोते जी."

"सरदाराला?"

"हव. सरदाराले."

कुणीच हसलं नाही. सरांनी वही मिटली, उठले आणि विहिरीत डोकावले. "पाणी गोड आहे का?" त्यांनी विचारलं.

आबांनी बादली सोडली, भरून वर ओढली. सरांनी ओंजळ धरली आणि पोटभर प्याले. मग तोंड पुसून पोरांकडे वळले आणि म्हणाले, "प्या रे. पुरावा आहे हा."

दोन कोस चालून पोरांचे घसे सुकले होते. तरी पहिली दोघं-तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग एक पुढे झाला आणि बाकीची मागोमाग. 'सरदाराचं पानी, सरदाराचं पानी' म्हणत ढकलाढकली सुरू झाली. शाळेत चपराशी त्यांना गिलासाने पाणी देई आणि मला उंचावरून ओंजळीत ओती. ती सगळी पोरं आता आबांच्या बादलीखाली ओंजळी धरून उभी होती आणि आबा एकेकाला ओतत होते, 'हळू पी, ठसका लागन' म्हणत. पाटलाचा मुलगा सगळ्यांत शेवटी आला. त्याने वस्तीकडे पाहिलं, मागे गावाकडे पाहिलं आणि दोनदा ओंजळ भरून प्याला. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "घरी सांगू नको." तहात एक कलम वाढलं. मी ते आजवर पाळलं आहे, आता लिहिते आहे ते वेगळं.

सोमवारी वही परत मिळाली. खाली लाल शाईने लिहिलं होतं: 'सरदाराची माहिती विश्वसनीय. झाडे आढळली नाहीत, दोन गुण वजा.' वीसपैकी अठरा. सरांनी वही देताना मला एवढंच विचारलं, "आजोबांची तब्येत बरी आहे ना?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या बाकाकडे गेले.

मी त्या दिवशी दोन कोस पळतच आले. आबा विहिरीवर होते. मी त्यांना अठरा गुण दाखवले, ते आकड्यांकडे बघत राहिले. मग मी वही मिटली. मी म्हटलं, "आबा, निबंध अजून हस्तलिखितात गेला नाही. मी उद्या सरांना खरं सांगते. सरदार खोडून तुझं नाव घालायला सांगते. सर काही गुण कापणार नाहीत."

आबा पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"राहू दे त्याले," ते म्हणाले. "सरदाराचं म्हनून पेले ते पोट्टे. माहं म्हनून चूळबी भरली नसती त्यायनं."

आणि त्यांनी बादली विहिरीत सोडली. मी तिथेच उभी राहून रडले, रागाने. हस्तलिखितात तो निबंध तसाच गेला, सुरेख अक्षरात, वर घोड्यावर बसलेल्या सरदाराचं चित्र काढून.